दुसरी सर्व्हिस : मारायची की टाकायची?

टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याला प्रत्येक गुणासाठी दोन संधी मिळतात. पहिली हुकली तर कुणी काही म्हणत नाही. दुसरी हुकली की ती दुहेरी चूक, गुण थेट समोरच्याच्या खात्यात. म्हणून बहुतेक खेळाडू पहिली सर्व्हिस जीव तोडून मारतात आणि दुसरी जपून टाकतात. हे जपणं शहाणपणाचं की भित्रेपणाचं, यावर पुण्यातल्या एका घरात मामा-भाचीचं बरेच दिवस वाजतंय. मामा बँकेतून निवृत्त झालेला, पण क्लबातलं सकाळचं टेनिस काही सुटलेलं नाही. भाची राज्य पातळीवर खेळलेली, आता बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींना शिकवते. वयाकडे पाहून कुणाची बाजू कोणती असेल याचा अंदाज बांधाल तर फसाल. मारा म्हणणारा मामा आहे आणि राखा म्हणणारी भाची.

मामा : काल तुझ्या त्या मुलीचा सामना पाहिला. पहिली सर्व्हिस सणसणीत, बघत राहावं अशी. आणि दुसरी? आत पडली तरी खूप झालं, अशा बेतानं टाकलेली. समोरची पोरगी आरामात दोन पावलं पुढे यायची आणि ठोकून काढायची. असं शिकवतेस?

भाची : तीन सेटमध्ये तिच्या दुहेरी चुका किती झाल्या, ते मोजलंस का? दोन.

मामा : दोनच! आणि हरली. दुहेरी चुकीसाठी स्कोअरशीटवर रकाना असतो, म्हणून ती डोळ्यांत खुपते. मिळमिळीत सर्व्हिसवर समोरच्यानं जो फटका हाणला, तो मात्र त्याच्या कर्तृत्वात जमा होतो. अगं, गुण दोन्हीकडे एकच गेला ना? आईबाप हळहळतात ते फक्त दुहेरी चुकीला. प्रशिक्षकही तिथेच कपाळाला हात लावतात.

भाची : मी नाही लावत. पण तुझं म्हणणं नेमकं काय? दुसरीही पहिलीसारखीच मारायची?

मामा : का नाही? पहिली जर तुझं सगळ्यात धारदार शस्त्र असेल, तर दुसऱ्या खेपेला ते म्यान कशाला करायचं?

भाची : बँकेत आयुष्य गेलंय ना तुझं? मग हिशेबच करू. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये पहिली सर्व्हिस शंभरात साधारण ६२ वेळा आत पडते. आत पडली की त्यातले ७३ टक्के गुण सर्व्हिस करणारा जिंकतो. कर गुणाकार.

मामा : पंचेचाळीस. वर थोडं.

भाची : म्हणजे दुसऱ्या खेपेलाही तीच सर्व्हिस मारली, तर शंभरातले पंचेचाळीस गुण पदरात. नेहमीची, फिरकी दिलेली दुसरी सर्व्हिस टाकून हेच लोक किती जिंकतात? पन्नास-एक्कावन्न, आणि तेही दुहेरी चुका वजा जाऊन. शंभरामागे पाच-सहा गुण हौसेखातर सोडून द्यायचे? डेव्हिड गेल नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं १९७१ साली टेनिसच्या सर्व्हिसवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्याचा रोख हाच. पहिली सर्व्हिस चुकली तर हातात दुसरी उरते, दुसरी चुकली तर काहीच उरत नाही. तेव्हा जास्त जोखीम पहिलीत घ्यायची, दुसरीत कमी. पोरं जे उपजत करतात, त्याला गणिताचाही आधार आहे.

मामा : सरासरी सगळ्यांना लावू नकोस. २०१९च्या जानेवारीत बालेवाडीला अंतिम सामना होता, आठवतो? केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले, ७-६, ६-७, ७-६. कार्लोविच तेव्हा चाळिशीला टेकलेला. उंची २ मीटर ११ सेंटिमीटर. त्याच्यासारख्या किंवा जॉन इस्नरसारख्या माणसाला तुझं गणित लाव बरं.

भाची : लावते की. त्यांची पहिली सर्व्हिस जास्त वेळा आत पडते आणि आत पडली की परत येतच नाही. त्यामुळे दोन पहिल्या सर्व्हिस मारल्या काय किंवा एक पहिली, एक दुसरी मारली काय, हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. पण असे उंटासारखे खेळाडू जगात किती? माझ्या वर्गात तर एकही नाही.

मामा : बरं, पूर्ण पहिलीसारखी नको. मधला रस्ता घे. एक मुलगा दुसरी सर्व्हिस इतकी जपून टाकतो की शंभरात ९५ आत पडतात, पण आत पडलेल्यांपैकी ५२ टक्केच जिंकतो. दुसरा जरा अंगावर जातो. ८६ आत पडतात, पण त्यातले ५९ टक्के जिंकतो. आता गुणाकार तू कर.

भाची : पहिल्याचे एकोणपन्नास आणि वर थोडे. दुसऱ्याचे पन्नासच्या वर, पावणेएक्कावन्नच्या आसपास.

मामा : बघ! दुहेरी चुका पाचावरून चौदावर गेल्या, जवळपास तिप्पट झाल्या, लोकांनी शिव्या घातल्या, आणि तरी गुण जास्त मिळाले. सुरक्षित सर्व्हिस म्हणजे मुदत ठेव. बुडत नाही, पण महागाई तिला बसल्या जागी खाते. आणि टेनिसमधली महागाई म्हणजे रिटर्न. पॉलिएस्टरच्या तारा आल्यापासून समोरचा पूर्ण ताकदीनं हाणतो आणि चेंडू तरीही आत पडतो. माझ्या तरुणपणी जी दुसरी सर्व्हिस खपून जायची, ती आज खपत नाही.

भाची : तुझ्या उदाहरणातली एक खाच दाखवू? फायदा जेमतेम सव्वा गुणाचा आहे. दडपणाखाली तुझ्या धाडसी मुलाच्या ८६ऐवजी ८३ सर्व्हिस आत पडल्या, तर तो एकोणपन्नासच्या खाली येतो. म्हणजे त्या भित्र्यापेक्षाही मागे. शंभरात तीन सर्व्हिस! सकाळी सरावात ८६ आत पडतात. अंतिम सामन्यात, तिसऱ्या सेटमध्ये, गळा सुकलेला असताना किती पडतात?

मामा : आलीस नोव्होत्नावर.

भाची : येणारच. विम्बल्डन, १९९३. स्टेफी ग्राफविरुद्ध याना नोव्होत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ पुढे. स्वतःची सर्व्हिस, ४०-३०. एक गुण आणि ५-१. तिथे दुहेरी चूक. तो गेम गेला, मग सेट गेला ६-४. बक्षीस समारंभात केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, ते चित्र जगानं पाहिलं. बिचारीनं १९९८ साली विम्बल्डन जिंकलं तोवर पाच वर्षं लोक तिला त्या दुहेरी चुकीचंच विचारत राहिले.

मामा : लोकांच्या विचारण्यावरून खेळ ठरवायचा? गेलेल्या गुणांतला तो एक. आणि तुझ्या जपणुकीचा पुतळा मी दाखवतो. एलेना डेमेंटिएव्हा, २००४ची फ्रेंच ओपनची अंतिम फेरी. पहिलीच्या निम्म्या जोरात, बाजूनं कापून टाकलेली दुसरी सर्व्हिस. इतकी मऊ की समोरच्याला वाटावं, हिला घाईच नाही. आणि तरी दहा दुहेरी चुका! सामना ६-१, ६-२ असा हातचा गेला. हळू टाकल्यानं चेंडू आत पडतो, ही अंधश्रद्धा आहे.

भाची : हे मात्र तू माझ्या मनातलं बोललास.

मामा : अरेच्चा. मग वाद कशाचा?

भाची : वाद वेगाचा आहे. तू मारा म्हणतोस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर स्पीडगनचा आकडा असतो. मी राखा म्हणते तेव्हा हात आखडता घे असं मला म्हणायचं नसतं. कोर्टाची मापं घे. बेसलाइनपासून समोरच्या सर्व्हिस लाइनपर्यंत १८ मीटरांहून थोडं जास्त. मध्ये जाळी, मध्यावर ९१ सेंटिमीटर उंच. रॅकेट चेंडूला पावणेतीन मीटर उंचीवर लागली आणि तिथून तू डोळ्यांनी सरळ रेषा काढलीस सर्व्हिस लाइनपर्यंत, तर ती जाळीच्या वरून किती अंतरानं जाते?

मामा : एक फूटभर?

भाची : पाच सेंटिमीटर. चेंडूच साडेसहा सेंटिमीटर जाडीचा असतो. आता माझी चौदा वर्षांची मुलगी घे. तिचा चेंडू २ मीटर ४० वर लागतो. तिची सरळ रेषा जाळीच्या पट्टीखालून जाते, सात सेंटिमीटर खालून. कार्लोविचची रॅकेट सव्वातीन मीटरवर लागते असं धर, त्याला जाळीवर वीतभर मोकळी जागा मिळते. म्हणून त्याला सपाट मारणं परवडतं. बाकीच्यांचा चेंडू जाळीवरून जाऊन खाली वळावा लागतो.

मामा : गुरुत्वाकर्षण आहे की.

भाची : आहे, पण वेगवान चेंडूला त्यानं खाली खेचेपर्यंत वेळ कुठे मिळतो? मग एक तर हळू टाक, नाही तर फिरकी दे. फिरकी दिलेल्या चेंडूच्या वरच्या अंगाला हवेचा दाब जास्त येतो आणि तो खाली वाकतो. त्यामुळे तो जाळीवरून तीन-चार फूट उंचावरून नेता येतो आणि तरी तो बॉक्समध्ये उतरतो. आता खरी मेख ऐक. ही फिरकी येते रॅकेटच्या वेगातून. टॉस किंचित डोक्यावर, डावीकडे. रॅकेट पाठीमागून खाली जाते आणि खालून डावीकडून वर उजवीकडे चेंडूला घासत निघते. हात जितका जोरात जाईल तितकी फिरकी जास्त, आणि फिरकी जितकी जास्त तितकी सर्व्हिस सुरक्षित. म्हणजे सुरक्षित सर्व्हिसलाही हात पहिलीइतकाच, किंबहुना थोडा जास्तच जोरात फिरवावा लागतो. ती ताकद पुढे जाण्याऐवजी वर जाते, फरक एवढाच.

मामा : आणि घाबरलेला माणूस नेमका हातच अडवतो.

भाची : तिथेच घात होतो. हात अडला की फिरकी गेली. फिरकी गेली की चेंडू वळत नाही, लांब जातो. पुढच्या वेळी त्या भीतीनं खाली मारतो आणि चेंडू जाळीत. डेमेंटिएव्हाचं काय, झ्वेरेवचं काय, दुखणं हेच.

मामा : झ्वेरेव माझा साक्षीदार आहे हं! २०२०ची यूएस ओपनची अंतिम फेरी. कोविडमुळे स्टेडियम रिकामं. डॉमिनिक थीमविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले, पाचव्या सेटमध्ये ५-३ असताना विजेतेपदासाठी सर्व्हिस हातात. १९८ सेंटिमीटर उंचीचा माणूस, पहिली सर्व्हिस ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. आणि शेवटच्या टायब्रेकमध्ये त्याची दुसरी सर्व्हिस उतरली ११०च्या आसपास! शाळेतली पोरं मारतात तेवढी. पंधरा दुहेरी चुका झाल्या त्या सामन्यात. मारून हरला असता तर मी म्हटलं असतं, नशीब. टाकून हरला.

भाची : तू अर्धीच गोष्ट सांगतोस. एक वर्ष आधी, २०१९ला सिनसिनाटीत, केत्समानोविचविरुद्ध त्यानं एका सामन्यात वीस दुहेरी चुका केल्या होत्या, तेही तीन सेटच्या सामन्यात. त्या काळात दुसऱ्या सर्व्हिसवरचा विश्वास उडाला की तो तीही पहिलीसारखी हाणायचा. एकदा हाणायची, एकदा टाकायची. मधली, भरवशाची, जोरात फिरवलेली सर्व्हिस बाजूलाच राहिली. ऐन वेळचं मारणं आणि ऐन वेळचं टाकणं ही एकाच घाबरण्याची दोन तोंडं आहेत.

मामा : म्हणजे धाडस ऐन वेळी करायचंच नाही? मग सांप्रासचं काय करशील? १९९६, यूएस ओपनची उपांत्यपूर्व फेरी, समोर अ‍ॅलेक्स कोरेत्या. चार तासांवर चाललेला सामना, पाचव्या सेटचा टायब्रेक. सांप्रासला कोर्टातच उलटी झाली होती. रॅकेटचा आधार घेऊन उभा राहत होता. एक मॅच पॉइंट वाचवला तो आडवा झेपावून मारलेल्या व्हॉलीवर. मग ७-७. पहिली सर्व्हिस फॉल्ट. दुसरी? बिनतोड! कोरेत्या बघत राहिला. आता मॅच पॉइंट सांप्रासकडे, सर्व्हिस कोरेत्याकडे, आणि त्यानं दुहेरी चूक करून सामना देऊन टाकला. दोन गुण लागोपाठचे, दोन्ही दुसऱ्या सर्व्हिसचे. एकानं हिंमत केली, दुसऱ्याची सुटली. याहून मोठा पुरावा काय हवा?

भाची : ती बिनतोड सर्व्हिस किती वेगाची होती, सांग.

मामा : असेल दोनशेची.

भाची : ताशी ९० मैल. म्हणजे १४५ किलोमीटर. सांप्रासच्या मानानं हळूच. त्या अवस्थेत दोनशेची मारायला अंगात त्राण तरी होतं का? त्यानं चेंडू बाहेरच्या कोपऱ्यात वळवून टाकला, कोरेत्या जिथे अपेक्षा करत नव्हता तिथे. जागा नेमकी होती आणि हात मोकळा सुटलेला होता. वर्षानुवर्षं हजारो वेळा मारलेली सर्व्हिस होती ती. हिंमत त्या क्षणी आकाशातून पडली नाही.

मामा : हं. पण ती आक्रमकच होती, हे तर कबूल करशील?

भाची : करते. तुझ्या व्याख्येनं नाही, माझ्या. समोरच्याला हव्या त्या जागी, हव्या त्या उंचीवर चेंडू द्यायचा नाही, ही आक्रमकता. खांद्यावर उसळणारी किक, अंगात घुसणारी स्लाइस, बाहेर ओढून नेणारी वळण घेतलेली सर्व्हिस. सेरेनाची दुसरी सर्व्हिस पाहा. पहिलीइतकी वेगवान नाही, पण बॅकहँडला अशी उसळायची की समोरच्या बाईला खांद्याच्या वरून खेळावं लागायचं. तिला घाबरून टाकलेली कोण म्हणेल?

मामा : बायकांच्या टेनिसचं नाव काढलंस म्हणून सांगतो. तिथे तर तुझी राखणदारी आणखी महागात पडते. महिलांमध्ये दुसऱ्या सर्व्हिसवर सर्व्हिस करणारी निम्म्याहून कमी गुण जिंकते. म्हणजे सर्व्हिस हातात असून वरचष्मा समोरचीचा. तिथे राखून राखून राखणार काय? सबालेंकाचं घे. २०२२च्या मोसमात चारशेच्या वर दुहेरी चुका. ऑस्ट्रेलियात एकदा तर वैतागून खालून सर्व्हिस टाकायची पाळी आली. शंभर लोकांनी सल्ला दिला असेल, बाई हळू टाक. तिनं हळू टाकली नाही. पुढच्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

भाची : जिंकली, कारण मधल्या काळात तिनं शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणारा माणूस गाठला आणि सर्व्हिसची घडणच दुरुस्त करून घेतली. नुसत्या निर्धारानं जिंकली नाही. आणि हो, रिबाकिनाविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात पहिल्या मॅच पॉइंटला तिनं दुहेरी चूक केली होती. चौथ्या मॅच पॉइंटला सामना संपला.

मामा : हेच तर! दुहेरी चूक झाली तरी आभाळ कोसळलं नाही. २०१२च्या फ्रेंच ओपनला जोकोविचनं नदालविरुद्ध अंतिम सामन्याचा शेवटचा गुणच दुहेरी चुकीनं दिला. म्हणून तो कच्चा खेळाडू ठरला का? २००१ला इवानिसेविच विम्बल्डनच्या विजेतेपदासाठी सर्व्हिस करत होता. दोन मॅच पॉइंट दुहेरी चुकीत घालवले, तिसरा रॅफ्टरनं लॉब मारून वाचवला, चौथ्याला जिंकला. रँकिंग १२५, वाइल्ड कार्डावर आलेला माणूस! दुहेरी चुकीला घाबरला असता तर तिथवर पोचलाच नसता.

भाची : तू सगळा वेळ सर्व्हिस करणाऱ्याकडेच बघतोयस. पलीकडे कोण आहे, कुठे उभा आहे, याचा विचार कधी करायचा? मेदवेदेव जवळजवळ मागच्या बोर्डाला टेकून रिटर्न करतो. त्याला जोरात मारून उपयोग काय, तो तयारच असतो. त्याच्यासमोर हळू पण बाहेर जाणारी सर्व्हिस जास्त त्रास देते. २०१५ला फेडरर दुसऱ्या सर्व्हिसवर धावत सर्व्हिस लाइनपर्यंत यायला लागला. तिथे हळू टाकणं म्हणजे आपण होऊन गुण देणं. सर्व्हिस एकच, पण एकासमोर शहाणी, दुसऱ्यासमोर वेडी.

मामा : लेंडल-चँगचं सांग मग.

भाची : तेच सांगणार होते. १९८९, पॅरिस. सतरा वर्षांचा मायकेल चँग, पायात गोळे आलेले, समोर पहिल्या क्रमांकाचा इव्हान लेंडल. मॅच पॉइंटला लेंडलची पहिली सर्व्हिस चुकली. चँग चालत चालत पुढे आला आणि सर्व्हिस लाइनजवळ जाऊन उभा राहिला. लेंडलनं दुहेरी चूक केली. नोंद लेंडलच्या रकान्यात झाली, पण ती चूक चँगनं घडवून आणली होती. कालच्या सामन्यात माझ्या मुलीसमोरची पोरगी दोन पावलं आत येत होती ना? तिला तिथून मागे रेटायला कधीतरी एक सर्व्हिस तिच्या अंगावर जायलाच हवी होती. तुझी तक्रार तिथे खरी आहे.

मामा : आमच्या दुहेरीत तर याचा जिवंत अनुभव येतो. एकाची दुसरी सर्व्हिस मऊ असली की जाळीजवळ उभा राहिलेला जोडीदार सगळे फटके अंगावर घेतो. मग शिव्या कुणाला, ते विचारू नकोस. बरं, मुद्द्यावर ये. अंगावर जाणारी सर्व्हिस कधी मारायची? तुझी पोरं ४०-०ला मारतात आणि ३०-४०ला टाकतात.

भाची : सगळेच तसं करतात. ४०-०ला चूक परवडते.

मामा : इथे मात्र तुझं गणित कच्चं. ३०-४०ला दुहेरी चूक केली तर गेम गेला. आणि मऊ सर्व्हिसवर विनर खाल्ला तर? गेमच गेला. दोन्ही वाटांनी नुकसान तेवढंच, फायदाही तेवढाच. मग ज्या सर्व्हिसनं शंभरात जास्त गुण मिळतात, तीच दोन्ही वेळेला बरोबर. गुणफलक बदलला म्हणून उत्तर का बदलावं?

भाची : कागदावर तुझं बरोबर आहे. अर्थमितीतले दोन डच अभ्यासक, क्लासेन आणि माग्नुस, यांनी १९९२ ते १९९५च्या विम्बल्डनमधले हजारो गुण घेऊन हेच तपासलं की खेळाडू सर्व्हिसमध्ये जोखीम योग्य प्रमाणात घेतात का. उत्तर आलं की अव्वल खेळाडू आदर्शाच्या अगदी जवळ असतात, थोडेसेच कमी पडतात. पण कागदावर हात थरथरत नाही, मामा. ३०-४०ला ८६च्या ८० झाल्या की तुझं उत्तर आपोआप बदलतं.

मामा : त्या ८० का होतात? कारण पोरीनं ती सर्व्हिस ३०-४०ला कधी मारलेलीच नसते. ४०-०ला मारून ३०-४०चा सराव होतो होय?

भाची : हे पटलं. सरावात मी एक चेंडूच देईन तिला. पहिली सर्व्हिस नाहीच. प्रत्येक गेम ३०-४०पासून सुरू करायचा, फक्त दुसऱ्या सर्व्हिसवर.

मामा : आणि दुहेरी चुका मोजायच्या नाहीत.

भाची : मोजायच्या, पण एकट्या नाहीत. शेजारी दुसरा रकाना करायचा, दुसऱ्या सर्व्हिसवर एकूण किती गुण जिंकले याचा. दोन्ही एकत्र वाचले तरच कळतं. दुहेरी चुका शून्य आणि जिंकलेले गुण चाळीस टक्के असतील, तर पोरगी जास्त जपतेय. दुहेरी चुका भरपूर आणि जिंकलेले गुणही चाळीस टक्के असतील, तर घडण बिघडलीय, हिंमत वाढवून काही होणार नाही. काल तिचा पहिला प्रकार झाला. मी आज वही काढून पाहिली.

मामा : म्हणजे मी जिंकलो.

भाची : एवढ्यात नाही. एक गोष्ट तुझ्या हिशेबात कधीच येत नाही : शरीर. किक सर्व्हिससाठी पाठीला मागे कमान द्यावी लागते, आणि वरून पिळा. वाढत्या वयात हाडं पक्की झालेली नसतात. कंबरेच्या मणक्यांना त्या ताणानं बारीक तडा गेलेली मुलं फिजिओकडे सर्रास दिसतात. म्हणून मी बारा वर्षांच्या पोराला आधी स्लाइस देते, किक नंतर, आणि दिवसाला सर्व्हिस किती मारायच्या याला मर्यादा. आईबापांना घाई असते. त्यांना पोराच्या सर्व्हिसचा वेग व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा असतो.

मामा : माझ्याकडे बघून बोलू नकोस.

भाची : तुझ्याकडेच बघून बोलतेय. गेल्या उन्हाळ्यात स्पीडगन कोण घेऊन आलं होतं कोर्टावर?

मामा : बरं, ते राहू दे. पुढच्या आठवड्यात त्या पोरीचा सामना आहे. तिसरा सेट, ३०-४०, पहिली सर्व्हिस गेली. खुर्चीवर बसून तू तिला काय सांगशील?

भाची : सामन्यात मध्येच काही सांगणार नाही, आदल्या दिवशीच सांगेन. दोन गोष्टी. चेंडू कुठे टाकायचा ते टॉस वर जायच्या आधी ठरव, आणि एकदा ठरलं की बदलू नकोस. दुसरी, हात पूर्ण सोड, चेंडूला वर घासत ने, शेवटपर्यंत. आत पडली की बाहेर, ते मी नंतर विचारणार नाही. हात अडवलास का, एवढंच विचारीन.

मामा : आणि वेग किती असावा?

भाची : तो तू मोज. तिला काही सांगू नकोस म्हणजे झालं.